नोंद नसलेला फेरफार

हिंजवडीतल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांत एक डेटाबेसवाले काका असतात. वय फार नसतं, पण तिथे चाळिशी उलटली की माणूस काकाच. कोडच्या बाबतीत यांचं सोवळं कडक. स्वल्पविराम हलला तरी गिटमध्ये कमिट हवी, खाली कारण हवं, दोघांनी तपासलेलं हवं. डेटाबेसचा विषय निघाला की मात्र सोवळं खुंटीला. "अरे, एक कॉलम तर वाढवायचाय! मायग्रेशन कसलं लिहीत बसतोस? सरक." थेट प्रॉडक्शनवर ऑल्टर टेबल मारतात आणि चहाला जातात.

तो कॉलम मग टेस्टिंगवर नसतो, नव्या मुलीच्या लॅपटॉपवर तर नसतोच. तिचा कोड पहिल्याच दिवशी आडवा होतो.

"काका, हा रिमार्क्स टू कॉलम कधी आला?"

"जीएसटी आला तेव्हा, 2017 ला. रिमार्क्स वनमध्ये लोक पॅन नंबर भरायला लागले होते ना!"

कुणी मायग्रेशन सांभाळणारं फ्लायवे हे टूल आणूया म्हटलं की काका दुखावतात. फ्लायवे मागतं तरी काय? प्रत्येक बदलाची क्रमांक घातलेली एसक्यूएल फाइल कोडशेजारी ठेवा. कुठली लागू झाली याची नोंद ते स्वतःच डेटाबेसमधल्या एका टेबलात करतं. लागू झालेल्या फाइलला मागाहून हात लावलात तर चेकसम जुळत नाही आणि ते अडून बसतं. चूक सुधारायची तर नवी फाइल. रेल्सवाले असली मायग्रेशन्स 2005 पासून लिहितायत. काकांचं उत्तर एकच: "सगळं माझ्या डोक्यात आहे."

याच काकांचा गावी चुलत्यांशी जमिनीचा वाद चालू आहे. सातबाऱ्यावर कुठलं नाव कुठल्या फेरफाराने चढलं, हे ते नोंद क्रमांकासकट घडाघडा सांगतात. मधलं एक नाव नोंदीशिवायच चढलं म्हणून प्रांताकडे अपील केलंय. "नोंद नाही आणि फेरफार? मोगलाई लागून गेली काय!" असं फोनवर वकिलाला ऐकवत असताना उजव्या हाताने ड्रॉप कॉलम टाइप होत असतं.

मायएसक्यूएलमध्ये ते रोलबॅक होत नाही. असली कमांड तिथे आपोआप कमिट होते. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनमध्ये घालून मागे घेता येते, पण काकांनी ट्रान्झॅक्शन उघडलं तर ना. "बॅकअप आहे," म्हणतात. तो म्हणजे कस्टमर_न्यू_फायनल_2 नावाचं टेबल. ते उडवायची हिंमत कुणात नाही, काकांतही नाही.

मान्य करायला हवं, त्यांच्याइतका डेटा ओळखणारा माणूस कंपनीत दुसरा नसतो. मोठ्या टेबलला भर दुपारी हात लावला तर अख्खी साइट ताटकळते हे त्यांना कळतं, फ्लायवेला कळत नाही. म्हणून तुमच्याकडे असे काका असतील तर वाद घालू नका. पहिली फाइल त्यांच्याकडूनच लिहून घ्या: आज आहे तसा अख्खा स्कीमा, रिमार्क्स टूसकट. आणि गणपतीच्या रजेआधी घ्या. गावी त्यांच्या फोनला रेंज नसते.