फॉरेन काकाजी

घरात बारावीचं पोट्टं असलं की फॉरेन काकाजी येतात. तुमच्याकडे येऊन गेले असतील. नसतील तर नागपूरच्या लक्ष्मीनगरातून निघाले असतील. माझ्या बहिणीकडे ते मे महिन्याच्या भर दुपारी आले, कूलरसमोरची खुर्ची धरली आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत म्हणाले, "म्युनिकात आता साडेअकरा."

हीच त्यांची खोड. कुणी विचारो न विचारो, जगाची वेळ सांगणारच. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात सव्वाबाराचा मुहूर्त होता, अक्षता पडतात न पडतात तोच मागून आवाज, "बोस्टनात रात्रीचे पावणेतीन." अंबाझरी घाटावर सरण रचेपर्यंत त्यांनी मेलबर्नची पोट्टी जेवायला बसवली होती. एकानं डोळे पुसता पुसता स्वतःचं घड्याळही पाहिलं.

भाच्याला शिकायला परदेशात जायचं नव्हतं.

"काहून नाही बे?" काकाजी सरसावले. "1913 साली बाबासाहेब कोलंबियाला गेले. बोटीनं! सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड. अन् तू विमानात बसायला भिऊन राहिला?"

"ते बी.ए. होऊन गेले होते, काकाजी," मोबाइलमधून डोकं वर न काढता भाचा म्हणाला. "मला तुम्ही बारावीवरच धाडून राहिले."

काकाजी गप्प झाले. मग म्हणाले, "न्यूयॉर्कात लोकं उठले असतील."

हा गृहस्थ स्वतः मात्र नागपूरबाहेर टिकत नाही. पुण्याला मुलीकडे पंधरा दिवसांसाठी गेले नि चौथ्या दिवशी परत. कारण काय, तर "पोह्यांवर तर्री नाही देत ते लोकं!" जर्मनीत पोह्यांवर काय देतात, हे त्यांनी आजवर एकाही पोट्ट्याला सांगितलेलं नाही.

माहिती मात्र पक्की. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे कुठलाही एजंट सांगतो. नुसत्या बारावीवर तिथं सहसा थेट प्रवेश मिळत नाही, आधी वर्षभर श्टुडिएनकोलेग नावाचा तयारीचा कोर्स करावा लागतो, शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून ठेवावे लागतात, हे काकाजी सांगतात. तेही फुकट. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांनी कितीतरी पोरांना भरून दिलेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेतही तेच उभे.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गेलेली पोट्टी पहिल्या हिवाळ्यात रडतात. घरी फोन करत नाहीत, आई जेवण सोडेल म्हणून. काकाजींना करतात, रात्री दीडला, अडीचला. काकूंनी त्यापायी फोन नि काकाजी दोघांचीही रवानगी हॉलमध्ये केली आहे.

शेवटी बहिणीनं हात जोडले. "तुम्हीच समजवा याला."

काकाजींनी भाच्याकडे बराच वेळ पाहिलं. "राहू द्या बाई. ढकलून धाडलेलं पोट्टं जानेवारीत कसं बोलते, मले माहीत आहे."

भाच्यानं पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. तेवढ्यात काकाजींनी खुर्ची पुढे ओढली. "पण आपल्या नागपूरची एलआयटी पाहिली का बे तू? केमिकल इंजिनिअरिंगची, 1942ची! आता तर विद्यापीठ झालं. उद्या आठला तयार राहा, मी येऊन राहिलो."

भाच्याला केमिकलही नको आहे. ते अजून कुणी काकाजींना सांगितलेलं नाही.