लायनफिशचं डोमिसाईल

फ्लोरिडात लायनफिश पाळायचा तर तो भूमिपुत्रच हवा. 2014च्या ऑगस्टपासून तिथे बाहेरून जिवंत लायनफिश आणायला बंदी आहे, टाकीत त्याची पैदास करायलाही बंदी आहे. मात्र फ्लोरिडाच्याच समुद्रात पकडलेला लायनफिश दुकानदाराने खुशाल विकावा आणि शौकिनाने खुशाल घरी न्यावा. मासा तोच, पट्टे तेच, 18 विषारी काटे तेही तेच. फरक फक्त डोमिसाईलचा.

आता हा मासा मुळात तिथला नाहीच. त्याचं गाव हिंदी आणि प्रशांत महासागरात. फ्लोरिडाच्या किनाऱ्याला तो पहिल्यांदा सापडला 1985 साली, डेनिया बीचजवळ. कुणातरी शौकिनाच्या टाकीतून सुटला किंवा सोडला गेला असावा, असा जाणकारांचा कयास. पुढे बहामा, क्युबा करत त्याने सगळं कॅरिबियन व्यापलं. मादी वर्षाला 20 लाखांपर्यंत अंडी घालते, त्याला खाणारं तिथे जवळपास कुणी नाही, आणि तो मात्र तोंडात मावेल ते गिळतो. थोडक्यात, ज्याच्या घराण्याने समुद्र फस्त केला तो स्थानिक, आणि जो अजून आपल्या मूळ गावी निमूटपणे राहतोय तो घुसखोर.

मला प्रश्न पडतो तो दुकानातल्या तपासणीचा. टाकीत दोन लायनफिश पंख पसरून तरंगताहेत. एक इंडोनेशियाचा, एक फ्लोरिडातल्या की लार्गोचा. कोण कुठला, हे साहेबांनी ओळखायचं कसं? आपल्याकडे असतं तर सोपं होतं. डोमिसाईलला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. या घराण्याची तर 2014पर्यंत 29 झाली होती. पण नुसतं राहून भागतं का? रहिवासाचा पुरावा आणा. खडकाचं वीजबिल आणा. खडक वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांचं संमतिपत्र आणा. वडील पाणबुड्याच्या भाल्याने गेले असतील तर मृत्यूचा दाखला, आणि त्याची सत्यप्रत करून ठेवा, कारण मूळ प्रत साहेब ठेवून घेतात. शाळा सोडल्याचा दाखला आणा. हा मासा एकटाच फिरतो, शाळा नाही, मग सोडणार काय, असं म्हणाल तर प्रतिज्ञापत्र करा. प्रतिज्ञापत्रावर नाव ‘लायनफिश’ आणि वीजबिलावर ‘लायन फिश’, मधे जागा सुटलेली, म्हणून दोन्ही एकच मासा असल्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र करा. मग सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहा आणि खिडकी जवळ आली की ऐका: सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या. ज्याने अख्खा अटलांटिक विनापरवाना घेतला त्याला ही एकच खिडकी पुरी पडली असती.

नियमात अक्कल नाही असं मी म्हणत नाही. मोजक्या माशांपासून वाढलेल्या या गोतावळ्यात बाहेरचं नवं रक्त मिसळू नये, हे कळतं. पण ते 29 वर्षांनी कळलं. बरं, जाच कुणाला? टाकीला हीटर, फिल्टर लावून, मीठ मोजून, पावती घेऊन मासा आणणाऱ्याला. तो सापडतो, कारण त्याच्याकडे पावती असते.

सोडणारा सापडत नाही. माझा राग आहे तो या सोडणाऱ्यावर. आणताना बोटाएवढा होता, मुलांना आवडला. वाढला, टाकीतले सोबती एकेक करून गिळले, पाण्याचा खर्च चढला, आणि मग या गृहस्थाला एकदम दया आली. बादली घेऊन किनाऱ्यावर गेला आणि मासा ‘मुक्त’ करून आला. एक मासा मारणं पाप आणि सगळा समुद्र मारणं भूतदया! हा लायनफिश काटे काढून तळला तर उत्तम लागतो. विष काट्यांत असतं, मांसात नाही. पण नाही, आमच्या हातून हत्या नको. ती पुढची चाळीस वर्षं पाणबुडे करतील, भाले घेऊन, स्वतःच्या खर्चाने.

त्या शिकारीच्याही स्पर्धा होतात, बक्षिसं असतात. 2018 साली रंगत वाढावी म्हणून काही लायनफिशना बिल्ले लावून पाण्यात ठेवण्यात आलं, आणि बिल्ला आणून देईल त्याला 5,000 डॉलरपर्यंत बक्षीस. शौकिनाने सोडला तर गुन्हा. बिल्ला लावून सोडला तर योजना.

आपण हसायचं कारण नाही. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा वीतभर झाला की आपले दयाळू लोक तो जवळच्या नदीत, तलावात सोडून हात धुतात. उजनी धरणात जाळं टाकणाऱ्याला विचारा. अंगावर चिलखत, पंखांना काटे, बाजारात कुणी हात लावत नाही, आणि जाळ्यात अडकला की सोडवताना जाळंच फाडावं लागतं. तिथे बिल्ला नाही, स्पर्धा नाही, डॉलर तर नाहीतच. सोडणारा शहरात नवी टाकी घेतोय. जाळंवाल्याने भरपाई मागायचं मनात आणलंच, तर पहिला प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय: जाळं खरेदीची पावती आहे का?