बाटलीचं सोवळं

आमच्या कारंजा (घाडगे)त (वाशीमवालं कारंजा वेगळं, म्हणून हा कंस) मोठेबाबांनी पन्नास वर्षं एकच थट्टा केली, मोठीआईच्या सोवळ्याची. नैवेद्याच्या भांड्याला कोणी शिवलं की ती ते पुन्हा घासायला घ्यायची आणि हे ओट्यावरून ओरडायचे, "तुह्या देवाले हगवण लागते काय वो?"

मग मोठेबाबांचा मोतीबिंदू पिकला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑपरेशन झालं. तिथले डॉक्टर खादी घालतात, आणि खादीवाला माणूस निवडणुकीला उभा नसेल तर खरंच बोलतो, ही मोठेबाबांची पक्की समजूत. आधी जंतू मारायला पोव्हिडोन आयोडीनचं तपकिरी औषध डोळ्यात पडलं, तेव्हाच ते वरमले होते. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, जंतू आत शिरले तर एन्डोफ्थॅल्मायटिस होतो. हजारात एखाद्यालाच, पण झाला तर नजर जाऊ शकते. मोठेबाबांनी त्याचं 'आंधळमायटीस' केलं. मला तरी त्यात दुरुस्ती सुचेना.

"हजारात एक म्हनते. तो एक कारंज्याचाच काहून नसन?"

घरी आले ते सोवळं घेऊनच. थेंब टाकायला उमेदवार उभे राहिले. मुलाच्या हाताला संत्र्याच्या बगिच्यातल्या फवारणीचा वास, बाद. सुनेनं साबणानं हात धुतले, पण पदराला पुसले, बाद. जावयाची तर नखं पाहूनच घरी पाठवणी झाली. शेवटी आठवीतल्या नातीची नेमणूक झाली. खालची पापणी हलकेच ओढायची, वरून एक थेंब सोडायचा, आणि दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. मिटल्या डोळ्यांची ती पाच मिनिटं फार लांब असायची.

"झाले काय वो बाई?"

"एकच झालं, आबाजी."

तिसऱ्या दिवशी नोझल पापणीला शिवलं. मोठेबाबा ताडकन उठून बसले, "बाटली बाटली!" पोरीला वाटलं आबाजी बाटली मागताहेत, तिनं तीच पुन्हा पुढं केली. मग जे झालं ते गल्लीनं ऐकलं. नवी बाटली आली, जुनी उकिरड्यावर गेली. देवघरात मोठीआई एक शब्द बोलली नाही. घंटी तेवढी जरा जोरात वाजवली.

डोक्यावरून पाणी बंद, चुलीजवळ जाणं बंद, गोठा बंद. गवळाऊ गाय हंबरली की हे ओट्यावरूनच तिची समजूत घालायचे. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची ढाल बांधून झोपले की पानिपतावरून अर्धे परत आल्यासारखे दिसत.

आठवड्यानं शेजारचे काका आले. त्यांचंही ऑपरेशन चारच दिवसांपूर्वी झालेलं. डोळा लालबुंद, आत ठणका, कालच्यापेक्षा आज अंधुक. उपाय चालू होता मधाचा. मोठेबाबांनी चहासुद्धा विचारला नाही.

"उद्या पाहू ना," काका म्हणाले.

"उद्या डोळा राहीन काय? आंधळमायटीस हाय हे!"

हात धरून स्टँडवर नेलं आणि मिळेल त्या एसटीत बसवून सोबत मुलगा दिला. निदान आमच्या मोठेबाबांचंच बरोबर निघालं. डॉक्टरांनी डोळ्याच्या आत इंजेक्शन दिलं, नजर वाचली. एक दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं म्हणाले. तेव्हापासून गावात कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की लोक आधी मोठेबाबांकडे हात दाखवायला येतात. भविष्यासाठी नाही, नखांसाठी.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी मोकळं केलं. मोठेबाबा डोक्यावरून चांगली बादलीभर आंघोळ करून बाहेर आले, तर दारात मोठीआई उभी. हातात सेवाग्रामचा कागद. तिच्या डाव्या डोळ्याची तारीख लागली होती.

"थेंब तुमीच टाकजा," ती म्हणाली. "पण सोवळ्यात."

मोठेबाबा काही न बोलता नेलकटर शोधायला लागले.