आधी गोळी, मग चहा

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो गावच्या मराठी घरांत सुधारणेची लाट वर्षातून दोनदा येते. एकदा जानेवारीत, आणि एकदा भारतातून आलेले आई-बाबा मुलाच्या रक्ताचे रिपोर्ट वाचतात तेव्हा. मग पहाटे प्राणायाम, रोज कोशिंबीर, रात्री दातांतून दोरा, नातवंडांचं मराठी वाचन असा जाहीरनामा फ्रिजवर लागतो. पंधरवड्यात त्याच्यावर पिझ्झाचं कूपन चिकटतं.

इथून अर्ध्या तासावर स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. तिथले बी. जे. फॉग माणसांच्या वागण्याचा अभ्यास करतात. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ‘टायनी हॅबिट्स’ या पुस्तकात ते म्हणतात, संकल्पबिंकल्प सोडा. जी सवय आधीच भिंतीत घट्ट बसली आहे, तिला खुंटी समजा आणि नवी सवय तिच्यावर टांगा. तीही अगदी हलकी. दात घासून झाले की एकाच दाताला दोरा लावा. फॉग स्वतः लघवीला जाऊन आले की दोन दंड काढत. हा नियम साठीनंतर पाळला असता तर रात्रीतून तीनदा उठणारे आमचे सगळे काका एव्हाना पैलवान झाले असते.

बाबांना हे सांगितलं की ते म्हणणार, “यात नवीन काय? आंघोळ झाली की तुळशीला पाणी, दिवा लागला की पर्वचा. हेच की!” खरं आहे. फक्त त्या खुंटीवर चालायला जाणं का टांगलं नव्हतं, हे त्यांना विचारायचं नाही.

मराठी घरातली न हलणारी खुंटी म्हणजे सकाळचा चहा. भूकंपाच्या या प्रदेशातही तो हलत नाही. पण फॉगसाहेबांच्या कृतीत मी थोडा फेरफार सुचवीन. ते म्हणतात, जुनं झालं की नवं करा. चहा झाल्यावर मराठी माणूस काहीही करत नाही. तो खुर्चीत रुततो, फोन उघडतो आणि पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचा वाद वाचत बसतो. वाईट सवयीही खुंट्या शोधतच असतात, आणि त्यांना कुणी पुस्तक वाचून दाखवावं लागत नाही. म्हणून जे करायचं ते चहाच्या आधी.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांना हे न शिकवताच कळलेलं असतं. ती रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहा नाही. आमच्या घरात विसरली न जाणारी हीच एक गोळी, कारण पलीकडे चहा उभा असतो. तो मधला वेळ घरात काढणं म्हणजे पातेल्याभोवती घुटमळणं. त्यापेक्षा आई बूट घालून मेमोरियल पार्कला चक्कर मारून येते. व्यायामाचं व्याख्यान तिला कुणीच दिलेलं नाही.

याच गावात डिझाइन झालेल्या घड्याळाचा मार्ग वेगळा. बसून राहिलात तर तास भरायच्या दहा मिनिटं आधी ॲपल वॉच मनगटावर टिचकी मारतं, की उठा. बैठकीत तास व्हायला दहा मिनिटं असताना माणसं अचानक उठून उभी राहतात, असं २०१५ मध्ये ॲपलच्या टिम कुक यांनी कौतुकानं सांगितलं होतं. आमच्याकडे बसल्या बसल्या हात हलवून घड्याळाला गंडवता येतं का, याचे प्रयोग चालतात.

किती दिवसांत सवय लागते? एकवीस, असं ठणकावून सांगणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक पॉटलकला भेटतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहणी केली. प्रत्येकानं न्याहारीनंतर, जेवणाआधी अशा रोजच्या प्रसंगाला एक नवी गोष्ट जोडायची होती. सरासरी ६६ दिवस निघाले. पण पल्ला १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे सवय चिवट असेल, तर ती लावायला आलेली सासू सहा महिन्यांचा मुक्काम संपवून परत गेलेली असते.

दिवेलागणीचं मात्र इथे अवघड होऊन बसलं. जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त, शिवाय मार्चमध्ये आणि नोव्हेंबरात घड्याळाचे काटेच सरकवतात. आईनं पहिल्या उन्हाळ्यात काही दिवस सूर्याची वाट पाहिली. मग तिनं सूर्य सोडला आणि गराज धरलं. संध्याकाळी गराजचं दार घरघरलं, म्हणजे सून ऑफिसातून आली, की वात लावायची. दिव्यापाठोपाठ नातीनं मराठीचं एक पान वाचायचं, आणि वाचून झालं की हातावर खोबरं-साखर.

ही खोबरं-साखर महत्त्वाची. फॉग सांगतात, काम होताच तिथल्या तिथे आनंद साजरा करा, स्वतःला शाबासकी द्या. ‘बरं झालंय’ ही ज्यांच्याकडे स्तुतीची कमाल मर्यादा, त्यांनी आरशासमोर मुठी उंचावून जयघोष करायचा? त्यापेक्षा खोबरं-साखर बरी.

अडचण एकच होती. सून घरून काम करते त्या दिवशी गराज वाजत नाही, म्हणून दिवा नाही, म्हणून पान नाही. यावर काय करावं, याचा मोठ्यांनी जेवताना बराच खल केला. आता त्या दिवशी नात स्वतःच गराजमध्ये जाते, बटण दाबते, आणि आत येऊन आजीला म्हणते, “आजी, वाजलं.”