होतकरू राक्षसांस सूचना

रामटेकला रामटेक का म्हणतात, याची एक कथा गड चढणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ऐकवतंच. वनवासात राम इथं आले, राक्षसांनी मारलेल्या ऋषींच्या हाडांचा ढीग त्यांनी पाहिला आणि पृथ्वीवर एकही राक्षस ठेवणार नाही अशी टेक याच टेकडीवर घेतली. टेक पुढं तडीस गेली, हे सर्वांना ठाऊक आहेच. परिणाम असा, की आज गावात राक्षसांचा भयंकर तुटवडा आहे.

तो जाणवतो कार्तिकात, वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा जवळ आली की. ट्रॉल्यांवर जिवंत देखावे लागतात. राम व्हायला अकरा जण तयार असतात. लक्ष्मण व्हायला, राम न झालेले दहा. राक्षसाचं नाव काढलं की मात्र कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची नागपूरला ड्यूटी लागते. मग ज्याचं पोट सुटलेलं आहे आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, अशा माणसाच्या दारात मंडळ येऊन उभं राहतं. प्रस्तुत लेखक असा माणूस आहे. आजवर चार वेळा खर, पाच वेळा कुंभकर्ण आणि एकदा, दूषण तापानं पडल्यामुळे, ऐन वेळी दूषण, एवढा अनुभव गाठीशी आहे. पुढच्या पिढीला तो उपयोगी पडावा म्हणून या सूचना.

१. भूमिकेची निवड

राक्षसाचं खरं काम पोरांना भेव दाखवायचं, पण सगळीच सोंगं ते सारखं दाखवत नाहीत. नारदाला पोरं भीत नाहीत, त्याच्या चिपळ्या ओढतात. रावण दिसायला जबरदस्त, पण नऊ तोंडं पुठ्ठ्याची असल्यानं त्याचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं. वळणावर विजेची तार आली की लंकेश्वर खाली वाकतो आणि दबदबा तिथंच संपतो.

वाघ होऊ नये. अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवून वाघ नाचवण्याची चाल नागपुरात मोहरमच्या निमित्तानं पुष्कळ जुनी आहे, कलाही मोठी आहे. पण रामटेकच्या उशाला पेंचचं जंगल आहे. सफारीत खरा वाघ पाहून ‘ड्रायव्हर काका, अजून जवळ घ्या ना’ म्हणणारं पोट्टं तुमच्या शेपटीचं काय कौतुक करणार?

हनुमान होणाऱ्यानं गडापासून लांब राहावं. तिथली वानरं नकली नातेवाईक खपवून घेत नाहीत. गळ्यातल्या हारात केळं असेल तर विषयच संपला.

नवशिक्यानं कुंभकर्णापासून सुरुवात करावी. संवाद नाहीत, बराच वेळ आडवं पडायला मिळतं आणि पोटाचं चीज होतं.

२. साहित्य

सफेदा, पिवडी, काजळ, खोबरेल तेल. जुने नट तोंडाला मुर्दाडशिंग फासत. त्यात शिसं असतं, ते टाळावं. राक्षसाचं काम एका रात्रीचं आहे, यकृत जन्माचं. केसांसाठी अंबाडीचा वाख काळा रंगवून घ्यावा. मुकुटाला बेगड. सुळे थर्माकोलचे करू नयेत. उत्साहात चावले जातात.

तोंडाच्या आतल्या रंगाची वेगळी सोय करावी लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक राक्षसांनी दहा-पंधरा वर्षं खर्रा खाऊन ती आधीच केलेली असते.

पादत्राणं हा सर्वांत दुर्लक्षित विषय. पोराची उंची लक्षात घ्या. त्याला तुमचा मुकुट दिसतच नाही, दिसतात ते पाय. वर साक्षात खर आणि खाली निळ्या पट्ट्याची स्लिपर, असं असेल तर पोरगं ओळखतं आणि भर रस्त्यात विचारतं, ‘काका, तुमी काहून असे बनले?’ त्या क्षणी राक्षसानं काय उत्तर द्यावं, हे कोणत्याही रामायणात दिलेलं नाही.

३. मुख्य कृती

इथं नवशिके हमखास चुकतात. ते ओरडतात. ओरडणं पोराला नवं नाही. घरी आजोबा ओरडतात, शाळेत मास्तर ओरडतात, शोभायात्रेत तर डीजे सगळ्यांच्या वरताण ओरडत असतो.

खरं शास्त्र शिकायचं असेल तर गडावर जाऊन केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह पाहून यावं. वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली ही देवळं. भव्य मूर्ती, सिंहाचं तोंड. तरीही मांडीवर हिरण्यकशिपू नाही की पोट फाडणं नाही. देव नुसते बसले आहेत. पोरं समोर उभी राहून निवांत बघतात, कुणी रडत नाही. का? कारण मूर्ती दगडाची आहे आणि दगडासारखीच वागते. शब्दाला पक्की आहे.

आता हेच सूत्र उलटं करा. ट्रॉलीवर बसल्यापासून हलू नका. हात वर, गदा खांद्यावर, नजर समोरच्या ट्रॅक्टरच्या धुराड्यावर. पोरगं बापाच्या खांद्यावरून बघतं. आधी त्याला वाटतं, माणूस. मग वाटतं, नाही, पुतळा. ते बापाला विचारतं, ‘बाबा, हे खरं हाये का खोटं?’ बाप म्हणतो, ‘खोटं हाये बाबू, पुतळा हाये तो.’ पोरगं सैल पडतं. हात लावायला पुढं झुकतं.

आता एकदाच पापणी लववा.

बाकी काही करायचं नाही. पुढचं सगळं पोरगंच करतं.

मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञांनी १९७० साली असं मांडलं, की बाहुलं जितकं माणसासारखं होत जातं तितकं आपल्याला आवडत जातं. पण ते जवळजवळ माणूस झालं की एकाएकी अंगावर काटा येतो. आवडीच्या चढत्या रेषेत तिथं एक दरी पडते, असं ते म्हणाले. ती दरी रामटेकात ट्रॉलीपासून दीड हातावर असते आणि तिच्या काठावर लोक आपापली पोरं हौसेनं आणून उभी करतात.

४. पालकांची हाताळणी

पोर घाबरतं त्याचं श्रेय राक्षसानं एकट्यानं घेऊ नये. निम्मं काम आईबाप करतात. ‘काही नाही करत तो, दे बरं हात!’ असं म्हणत किंचाळणारं लेकरू राक्षसाच्या मांडीवर ठेवतात आणि मागं सरकतात, कारण फोटोत पूर्ण मुकुट यायला हवा. पोर राक्षसाच्या हातून सुटून आईकडे झेपावतं, आई मोबाइलमागून म्हणते, ‘थांब ना बाबू, हलला फोटो.’ अशा वेळी पोराकडे पाहावं. त्याला आता तुमची भीती राहिलेली नसते. त्याला जगाविषयीच शंका आलेली असते.

या पालकांची परंपराही जुनीच आहे. गडावरच्या वराहाच्या मूर्तीखालून रांगत जायचं आणि पापी माणूस त्यात अडकतो, अशी समजूत आहे. चार वर्षांच्या मुलाला ती नेमकी मूर्तीच्या तोंडाशी नेऊन सांगणारे आईबाप मी पाहिले आहेत. ‘परवा बिस्किटं कोणं खाल्ली, सांग आधी. मग जा.’ मुखवटा नाही, रंग नाही, खर्च शून्य.

५. इतर घराण्यांचा तुलनात्मक अभ्यास

गाण्यात घराणी असतात तशी भेव दाखवण्यातही आहेत. कोकण घराण्याचा संकासूर शिमग्यात येतो. काळे कपडे, उंच टोपी, लांब पांढरी दाढी. त्याची तयारी पळण्याची: तो पोरांच्या मागं धावतो. पोरं ओरडत पळतात आणि तो थांबला की परत येऊन त्याला डिवचतात. दमसास लागतो, आमच्या वजनाच्या कलावंतांनी नाद करू नये.

जव्हार-मोखाड्याकडचं बोहाड्याचं घराणं मुखवट्यांचं. देव आणि दैत्य रात्रभर पाळीपाळीनं नाचत येतात. मशालीच्या उजेडात मुखवट्याची सावली मुखवट्याहून मोठी पडते, हे तंत्र एलईडीच्या माळांनी आपण घालवून बसलो आहोत.

आपलं नागपूर घराणं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं: काळी मारबत, पिवळी मारबत आणि बडगे. इथं माणूस सोंग घेतच नाही, पुतळे मिरवतात. रोगराईपासून महागाईपर्यंत गावाची पीडा त्यांच्या माथी मारून त्यांना वेशीबाहेर नेऊन जाळतात. पोरांना भेव वाटतं, पण सोबत त्याचा बंदोबस्तही डोळ्यांसमोर होतो. त्याच दिवशी तान्हा पोळा असल्यानं तीच पोरं संध्याकाळी फेटे बांधून, मिशा काढून लाकडी नंदी ओढत आपल्याच दारी येतात आणि बोजारा मागतात. फिटंफाट.

परदेशी घराण्यांत ऑस्ट्रियाचा क्रॅम्पस नामांकित. शिंगं, केसाळ कातडं, हातात फोक. तो ५ डिसेंबरच्या रात्री निघतो आणि दुसऱ्या दिवशी संत निकोलसचा सण असतो. म्हणजे आधी मार, मग खाऊ. आपल्या मॉलमधला सांताक्लॉज नुसता खाऊ देतो, तरी पोरं त्यालाच जास्त भितात. कारण तिसऱ्या कलमात आलेलंच आहे: दाढी हसत नाही आणि तिच्यामागचा माणूस मात्र हसत असतो.

६. सोंग उतरवणं

हे कलम सर्वांत महत्त्वाचं. ते मी किंमत मोजून शिकलो.

गेल्या खेपेला शेजारची चार वर्षांची मुलगी माझ्या एका पापणीनं अशी रडली, की माझाच जीव कळवळला. मी ट्रॉलीवरून उतरलो, मुकुट काढला, वाखाचे केस काढले आणि म्हणालो, ‘अगं, मी आहे ना. काका!’ मला वाटलं, ती हसेल. तिनं जो टाहो फोडला त्यानं पुढच्या ट्रॉलीवरचे वसिष्ठ उठून उभे राहिले.

घरी गेल्यावर तिनं आईला विचारलेला प्रश्न मला दुसऱ्या दिवशी कळला. ‘आई, तो राक्षस रोज काका बनून राह्यते का?’

तेव्हा नियम असा: पोरासमोर सोंग कधीही उतरवू नये. आपल्याला वाटतं, राक्षसातून काका निघाला की भेव जातं. पोराच्या बाजूनं पाहा. त्यानं राक्षसातून काका निघताना पाहिलेला नसतो. त्यानं काकात राक्षस सापडताना पाहिलेला असतो.

सोंगाच्या खर्चात म्हणूनच रंग, बेगड, वाख यांच्याखाली आणखी एक ओळ धरावी: बिस्किटं, होळीपर्यंत. पानठेल्यावर ती मुलगी आईबरोबर दिसली की मी पाच रुपयांचा पुडा पुढं करतो. पहिले दोन महिने ती आईच्या पदरामागं जायची. आता पुडा घेते, पण घेताना हाताकडं बघत नाही, माझ्या डोळ्यांकडं बघते. आणि मी, चार वेळा खर आणि पाच वेळा कुंभकर्ण झालेला माणूस, भर चौकात तिच्यासमोर उभा राहून भराभर पापण्या लववत राहतो.