दुधी दडवण्याची सोपी रीत

या कृतीला आधी घरात एक दुधी लागतो. तो विकत आणलेला नको. दुधी मुद्दाम विकत आणून त्याचा ब्रेड करणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. तो शेजारच्या काकूंच्या गच्चीतल्या वेलावरचा, ‘घ्या हो, कोवळा आहे’ म्हणत हातात कोंबलेला असावा. एकदा चणाडाळ घालून भाजी झालेली असावी, एकदा कोफ्ते, आणि तरी फ्रिजच्या तळाशी हातभर तुकडा शिल्लक असावा. ‘आज परत?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर आला की समजावं, ब्रेडची वेळ झाली.

मैदा 500 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, चमचाभर साखर, दोन चमचे तेल आणि सोललेल्या दुधीचा कीस 200 ग्रॅम. निम्मी कणीक घालून पौष्टिक करू, असं मनात येईल. पहिल्या खेपेला येऊ देऊ नका. कणकेतला कोंडा पिठाची तार तोडतो, आणि छळायला दुधी एकटा पुरेसा आहे.

यीस्टचे लाड जावयासारखे करावेत. गार पाण्यात ते ढिम्म हलत नाही, कडकडीत पाण्यात मरतं. मेलेलं यीस्ट दिसायला अगदी जिवंतासारखं, हे तुम्हाला दोन तासांनी कळतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या आंघोळीला चालेल इतपत कोमट, म्हणजे 38 ते 40 अंशांच्या अर्ध्या वाटी पाण्यात साखर घालून त्यात ते भिजवा. दहा मिनिटांत फेस आला तर पुढे जा. नाही आला तर दुकानात जा. गोव्यातल्या पोदेरांना पूर्वी ही पुडीची भानगड नव्हती, ते माडाची सूर घालून पीठ आंबवत. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर माड नसतो.

आता दुधी. कृतीत ‘किसून घाला’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि लिहिणारा तिथून पळून जातो. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ लागलं की तो ते सोडतो. एकदम नाही, तुम्ही मळत असताना, हळूहळू. पहिल्या वेळी माझं पीठ सैल झालं म्हणून मूठभर मैदा घातला. परत सैल, परत मूठ. किलोचा पुडा संपला तेव्हा दोन्ही हात मनगटापर्यंत लडबडलेले होते आणि नेमका गॅस सिलिंडरवाला दारात. कडी कोपराने काढली. त्या पिठाची शेवटी थालीपिठं केली. ती दोन दिवस पुरली.

तेव्हा सगळं मीठ आधी किसाला चोळा, पंधरा मिनिटं थांबा आणि पंचात घालून पुरचुंडी पिळा. चक्का करताना पिळतो तशी नव्हे, जुना राग काढल्यासारखी. निघालेलं पाणी फेकू नका, मीठ त्यातच आहे. ते, यीस्टचं पाणी आणि लागेल तेवढं साधं पाणी मिळून 250 मिली भरलं पाहिजे. त्यावर थेंब नको. पीठ दहा मिनिटं मळल्यावर, गोळी ताणून उजेडात धरली की पापुद्र्यातून बोट दिसायला लागलं, मगच कीस घाला. आधी घातलात तर पापुद्रा फाटत राहतो.

(बीट घालून गुलाबी ब्रेड काढण्याची हौस असेल तर ऐका: मळताना शालूसारखं दिसणारं पीठ भाजल्यावर विटकरी होऊन बाहेर येतं. बीटचा रंग आचेत टिकत नाही, गाजराचा टिकतो. दुधीला रंगच नाही, म्हणून तर तो दडवायला सोयीचा. मात्र सालाची एक हिरवी रेघ राहिली तरी धाकटी पाती ती शोधून काढते.)

पीठ दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवा. मे महिन्यात पाऊण तास पुरतो. जानेवारीत मी भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवतो, आतला नुसता दिवा लावून. आई येऊन वाकून बघते. ‘माझं इडलीचं पीठ कधी दिवा मागत नाही रे.’ यावर उत्तर नाही, देऊही नये.

साच्यात घालून पुन्हा पाऊण तास फुगवा आणि 190 अंशांवर 35 ते 40 मिनिटं भाजा. काढून बुडावर टिचकी मारा, रिकाम्या डब्यासारखा आवाज आला की झाला. तासभर कापू नये, आत अजून वाफ असते. आमच्याकडे सातव्या मिनिटाला कापतात.

लोणी लावून दोन-दोन स्लाइस संपतील, कोणाला काही कळणार नाही. मग कोणीतरी सहज विचारेल, ‘छान झालाय, याच्याबरोबर भाजी काय आहे?’ त्यासाठी वीतभर दुधी राखून ठेवावा.