लोडाविना बैठक

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यातून दुचाकीवर बसण्याच्या दोन रीती बाहेर पडतात. एक व्हेस्पाची: पाठ ताठ, गुडघे जुळलेले, पाय फळीवर. ती मुळात १९४६ साली इटलीत कोर्रादिनो दास्कानियो या विमानांच्या इंजिनिअरनं आखली. या गृहस्थाला मोटारसायकल आवडत नसे, त्यामुळे टांग टाकून बसायची भानगडच त्यानं ठेवली नाही. दुसरी रीत एप्रिलिया आरएस ४५७ ची: छाती टाकीकडे, कोपरं दुमडलेली, पाय मागे. ती कॉलेजच्या पोरांना शोभते. तिसरी रीत क्रूझरची, म्हणजे बूड खाली, हात पसरलेले आणि पाय पुढे सोडलेले, ती मात्र बारामतीत तयार होत नाही. बाहेरून आणावी लागते. आणि पन्नाशीला टेकलेल्या बारामतीकराला नेमकी तीच हवी असते.

त्याचं फारसं नवल नाही. पोरगं कमावतं झालेलं असतं, उसाचं बिल जमा झालेलं असतं आणि पोट अशा अवस्थेला आलेलं असतं की टाकीवर वाकायचा प्रस्ताव शरीरच फेटाळतं. क्रूझर पोटाला जागा देते. अ‍ॅव्हेंजरची सीट जमिनीपासून अवघी ७३७ मिलिमीटर, त्यामुळे सिग्नलला दोन्ही तळवे सपाट टेकतात. गुडघेदुखीवाल्याला हे सुख केवढं, ते त्यालाच ठाऊक. बजाजनं ही गाडी २००५ मध्ये आणली. तिची जाहिरात सांगायची, 'फील लाइक गॉड'. कोणता देव, तेवढं सांगायचं राहिलं. आमच्या जवळचा देव जेजुरीचा खंडोबा, तो घोड्यावर ताठ बसतो. देवांचं राहू द्या, गावोगावचे शिवाजी महाराजांचे अश्वारूढ पुतळे पाहा: पाय रिकिबीत आणि रिकीब बरोबर कमरेच्या खाली. रेलून असणारे म्हटले तर शेषशायी विष्णू. पण त्यांच्या पाठीशी अख्खा शेष आहे, आणि चार हात असूनही एकातही हँडल नाही.

मेख इथंच आहे. क्रूझर माणसाला रेलायला सांगते आणि टेकायला काही देत नाही. बैठक घातली, वर पांढरी चादर अंथरली, पानाचं तबक ठेवलं, पाहुण्यांना 'निवांत बसा' म्हटलं आणि लोड-तक्के तेवढे उचलून नेले, तर पाहुणा किती वेळ निवांत बसेल? आधी ऐटीत बसतो, मग हळूहळू कमरेतून गोल होतो. क्रूझरवरही तेच. भिगवणपर्यंत ऐट टिकली तरी पुष्कळ, पुढं माणूस गाडी चालवत नाही, हँडलला लोंबकळतो.

आल्फ नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून तिथला दाब मोजला. (सुई घालून घ्यायला तयार झालेल्यांना माझा नमस्कार.) उभं राहण्यापेक्षा बिनआधाराचं बसल्यावर दाब जास्त भरला, पोक काढून पुढं झुकल्यावर त्याहून जास्त. नंतरच्या मोजमापांत हेही दिसलं, की पाठ मागच्या टेक्याला लावून रेललं तर दाब उतरतो. म्हणजे रेलण्यात पाप नाही. मागं काहीतरी पाहिजे.

आता गंमत अशी की टेका असतो, पण मागच्याला. अ‍ॅव्हेंजर क्रूझला पाठ टेकायची सोय मागच्या सीटवर आहे. गाडी ओढणाऱ्याचा विचार बैलगाडीच्या काळापासूनच कुणी फारसा केलेला नाही. इंदापूरच्या लग्नाला निघालो की ही मागं खुशाल टेकून बसते आणि वर मलाच सांगते, "सरळ बसा की!"

पाय पुढे असण्याचा आणखी एक भुर्दंड आहे. स्प्लेंडरवाला गतिरोधक दिसताच फुटरेस्टवर जोर देतो, बूड चार बोटं उचलतो, आणि धक्का गुडघ्यातच जिरतो. वारीत बेलवाडीच्या रिंगणात दौडणारा स्वारही रिकिबीवर भार टाकूनच तोल सांभाळतो. क्रूझरवर पाय इतके पुढे की उठायचं म्हटलं तर आधी हँडल धरून स्वतःला ओढावं लागतं, तोवर गतिरोधक मागं गेलेला असतो. तो गेला कुठून, हे माकडहाड सांगतं.

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाणारा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. आता तो राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी झाला, रुंद झाला. तरी गाळप हंगामात छत्रपती कारखान्याच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागं सापडलात, तर महामार्ग कुणाचा ते कळतं. क्लच दाब, सोड, दाब. आखडलेल्या खांद्यांनी पुढं चहाला उतरलेला क्रूझरवाला काय करतो? दोन्ही हात कमरेवर ठेवून, डोळे मिटून उभा राहतो. पंढरीच्या वाटेवर ते दिसतंही बरं. तिथंच दुखण्यांची ओळखपरेड होते. आमच्या दोन्ही तालुक्यांत पाठ कुणाचीच दुखत नाही, सगळ्यांना मणक्यात गॅप असतो. बांधाचा गट नंबर विसरलेला माणूसही आपला एल-फोर, एल-फाइव्ह बिनचूक सांगतो. मग कमरेचा पट्टा शर्टाच्या आतून बांधावा की बाहेरून, यावर दोन तट पडतात.

उपाय विचाराल तर सगळे आधी सीटवाल्याकडे धावतात आणि म्हणतात, गादी मऊ करून दे. बारामतीतल्या ज्या सीटवाल्याकडे मी जातो, तो या मागणीला भीक घालत नाही. "नाना, मऊ गादी म्हंजे पैल्या दिशी सुख. म्हैन्याभरात फोम बसतोय, न् तुमी पत्र्यावर." त्यानं खाली घट्ट फोम घातला, वर मऊचा पातळ थर दिला आणि मागची कड थोडी चढवली. त्या चढानं कंबर मागं कलंडायची थांबते, आणि कण्याची मूळची कमान मोडत नाही. एवढं शास्त्र त्यानं करवतीच्या पात्यानं फोम कापता कापता केलं.

मग हँडल. ठोकळे घालून ते थोडं वर आणि आपल्याकडे घेतलं, की कोपरं सैल पडतात, खांदे उतरतात. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं, कारण क्लचची केबल ताणली तर वळताना गाडी स्वतःचं मत मांडू लागते. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली खाचांची कडी असते, तिच्यावर स्प्रिंगचा ताण कमीजास्त होतो. एकटं असताना हलका, दोघं असताना जास्त. त्यासाठीचा आकड्यासारखा पाना टूलकिटमध्ये असतो, पण तो पाना कशाचा हे कळायच्या आत बहुतेक गाड्या विकल्या जातात. हवेचीही तीच तऱ्हा. पंपावरचा पोरगा "टाइट मारू का?" विचारतो आणि आपण मोठ्या मनानं हो म्हणतो. टाइट हवेचं चाक रस्त्यावरचा प्रत्येक खडा वरपर्यंत कळवतं.

सगळ्यात स्वस्त उपाय डॉक्टर सांगतात: तासाभरानं उतरा आणि चार पावलं चाला. तो कुणी करत नाही, कारण थांबलं की मागून येणारा ओळखीचा निघतो आणि विचारतो, "काय नाना, बंद पडली का?"

शेवटी मी पुढच्या सीटला टेका बसवून घेतला. लोड मिळाला, पाठ निवली. आता प्रश्न बसण्याचा राहिला नाही, चढण्याचा आला. एक टेका माझ्या पाठीला, दुसरा हिच्या पाठीला. या दोन भिंतींवरून टांग न्यायची, आणि ती कुणी, तर ज्याची कंबर धरलेली आहे त्यानं! सीटवाल्यानं तोड काढली आहे. टेक्याला बिजागरी लावू, चढताना पाडायचा, बसलं की उभा करायचा. "कुरकुरली तर जरा ग्रीस लावा, नाना."

"कुणाला, बिजागरीला का ह्यांना?" मागून आवाज आला.